किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या आणि ‘लेव्हल’ : माझा अनुभव

माझं किडनी ट्रान्सप्लांट १८ जानेवारी २०२४ ला पुण्यात झालं, किडनी माझ्या आईने दिली. ऑपरेशनबद्दल आधी मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, टाके किती, आयसीयूत किती दिवस, कॅथेटर कधी काढतात, सगळं. पण त्यानंतर जन्मभर ज्या गोळ्या घ्यायच्या त्यांच्याबद्दल कुणी बसून नीट सांगितलं नव्हतं, आणि माझी खरी धावपळ त्यांच्यापायीच झाली. म्हणून त्या गोळ्यांचंच इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. माझे डोस माझ्या वजनाचे आणि माझ्या रिपोर्टचे आहेत, तुमचे वेगळे असणार, तेव्हा इथले आकडे बघून स्वतःच्या गोळ्यांत काहीही बदल करू नका.

थोडं आधीचं. २०१९ मध्ये लेकीच्या वेळी माझं बीपी वाढलं आणि लघवीतून प्रोटीन जातंय हे कळलं, बाळंतपणानंतर बायोप्सी केली तेव्हा आयजीए नेफ्रोपथी (किडनी हळूहळू खराब करणारा आजार) निघाली. पुढे क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) हळूहळू चढत गेलं आणि जून २०२३ ला साताऱ्यातच डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. बाबांना शुगर आहे म्हणून ते देऊ शकत नव्हते, नवऱ्याचा रक्तगट जुळेना, आई ओ पॉझिटिव्ह, ५७ वर्षांची, ना बीपी ना शुगर. ती म्हणाली, "मग विचारताय काय, लागा तयारीला."

तयारीला अडीच-तीन महिने गेले. तपासण्या एकीकडे (आईची किडनी मला जुळेल का हे बघणाऱ्या एचएलए आणि क्रॉसमॅच, आईच्या किडन्यांचा स्कॅन, सीटी अँजिओ, हृदय, छाती, स्त्रीरोग, मानसोपचार तज्ज्ञ) आणि कागदपत्रं दुसरीकडे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई ही जवळची नातेवाईक धरतात, त्यामुळे परवानगी तशी सरळ असते, पण नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक आणि तिच्या आधारवर थोडं वेगळं, तेवढ्यावर फाईल थांबली. मग स्टॅम्पपेपरवर ॲफिडेव्हिट, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, लग्नाआधीचे घरातले सगळ्यांचे फोटो, बाबांची संमती, असं करत करत डिसेंबरात समितीपुढे मुलाखत झाली. मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. आईला वेगळं बसवून विचारतात की कुणी जबरदस्ती केली का, पैसे दिले का. आई जरा घाबरली होती, तर तुमच्याकडेही घरच्यांना हे आधी सांगून ठेवा की हे सगळ्यांनाच विचारतात. आणि नावातला फरक पहिल्याच दिवशी तपासा, तपासण्या चालू असताना ॲफिडेव्हिटचं काम उरकून जातं.

याच काळात लसी घेतल्या. कावीळ बी ची लस तर डायलिसिसमुळे चालूच होती, न्यूमोनियाची आणि फ्लूची घेतली. हे आधी करायचं कारण म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर जिवंत विषाणूच्या लसी (कांजिण्या, गोवर वगैरे) चालत नाहीत, आणि बाकीच्या चालतात पण प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे त्यांचा असर कमी होतो. तुमच्या डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

१६ जानेवारीला ॲडमिट झाले आणि त्या रात्री नऊ वाजता सिस्टरने पहिली टॅक्रोलिमस हातात दिली, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. म्हणजे किडनी बसायच्या आधीच औषध सुरू होतं, रक्तात ते तयार असायला लागतं. माझं वजन तेव्हा ५२ किलो, डोस सकाळी अडीच एमजी, रात्री अडीच. ऑपरेशनच्या दिवशी त्याच कामासाठी बॅसिलिक्सिमॅबचं इंजेक्शन आणि चौथ्या दिवशी दुसरं, शिवाय शिरेतून स्टेरॉइड. मग मायकोफिनोलेट सकाळ-रात्र आणि प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर. ही तीन मुख्य औषधं, टॅक्रो, मायको आणि स्टेरॉइड, वॉर्डात सगळे अशीच नावं घेतात. बाकीच्या गोळ्या या तिघांमुळे येतात. प्रतिकारशक्ती दाबली म्हणून इन्फेक्शन होऊ नये यासाठी सेप्ट्रान आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, तोंडात बुरशी होऊ नये म्हणून लावायचं औषध, पोटासाठी पॅन्टोप्राझोल, बीपीची, कॅल्शियम. डिस्चार्ज कार्डावर पानभर यादी होती.

आयसोलेशन रूममध्ये रात्रपाळीला एक तरुण रेसिडेंट डॉक्टर असायचे, मला झोप यायची नाही (स्टेरॉइडने झोप उडते, ते नॉर्मल आहे) तेव्हा ते समजावून सांगायचे. १९५४ मध्ये बोस्टनला जे पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते हुबेहूब सारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, म्हणून त्या पेशंटला असली औषधं लागलीच नाहीत, शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. आणि टॅक्रोलिमस सापडलं ते १९८४ मध्ये, जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या एका जिवाणूत. मी विचारलं, "पण डॉक्टर, माझी तर आईचीच किडनी आहे, तरी परकी वाटते?" ते म्हणाले, आईकडून अर्धंच येतं, उरलेलं अर्धं बाबांचं, त्यामुळे आईची किडनी तुमच्या शरीराला अर्धी ओळखीची आणि अर्धी अनोळखी. जन्मभर औषध का, हे मला त्या उत्तराने नीट समजलं. किडनी कितीही छान चालत असली तरी ते अर्धं अनोळखीपण जात नाही. दोन-तीन वर्षांनी "आता बरी आहे, बास झाल्या गोळ्या" असं म्हणून बंद करणारे लोक असतात, आणि किडनी जाते.

माझं क्रिएटिनिन ऑपरेशनआधी ८.६ होतं, डिस्चार्जला १.१. आई माझ्याआधीच घरी गेली होती.

साताऱ्याहून सारखं जाणंयेणं जमणार नाही म्हणून हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली होती, महिना चौदा हजार, एप्रिलपर्यंत तिथेच राहिलो, मी आणि नवरा. लेक साताऱ्यात आत्यांकडे (माझ्या सासूबाई). पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा रक्त, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी. मध्ये मार्चच्या सुरुवातीला मूत्रमार्गातला स्टेंट (ऑपरेशनच्या वेळी घातलेली बारीक नळी) काढला, ते अर्ध्या तासाचं काम, पण ती तारीख विसरायची नाही, कार्डावर लिहून घ्या.

आता ‘लेव्हल’. टॅक्रोलिमसचा डोस वजनावर सुरू होतो पण पुढे ठरतो तो रक्तातल्या लेव्हलवर. ती मोजायची गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी, म्हणजे औषध रक्तात सगळ्यात कमी असतं त्या वेळी. माझी वेळ सकाळी नऊ-रात्री नऊ. तर ज्या दिवशी लेव्हल, त्या दिवशी नऊची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं, आणि पर्समधून काढून तिथेच लगेच गोळी घ्यायची. ऐकायला सोपं आहे, पण पुढे साताऱ्याहून जायला लागलो तेव्हा पहाटे साडेपाचची गाडी, पुण्यात पोचून लॅबसमोर रांग, टोकन, कधी साडेनऊ वाजायचे. मी मग काउंटरवर सरळ सांगायला लागले, "टॅक्रो लेव्हल आहे, नऊची वेळ आहे", ट्रान्सप्लांटच्या हॉस्पिटलात त्यांना हे माहीत असतं, पुढे घेतात. बाहेरच्या लॅबमध्ये मात्र रक्त काढणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. एका लॅबमध्ये मला म्हणाले, "ताई गोळी घेऊन या, रिकाम्या पोटी चक्कर येईल." गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर लेव्हल भलतीच जास्त येते आणि डॉक्टर तो आकडा खरा धरून डोस कमी करू शकतात. म्हणून रिक्वेस्ट फॉर्मवर मी स्वतः लिहिते, शेवटची गोळी रात्री इतक्या वाजता, रक्त सकाळी इतक्या वाजता. हे लिहायला अर्धा मिनिट लागतं. टेस्टला मला दोन हजारांच्या आसपास पडतात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. माझ्यासाठी पहिले तीन महिने टार्गेट ८ ते १० होतं, मग ६ ते ८, आता ५ ते ७.

साइड इफेक्टबद्दल खरं सांगते. फेब्रुवारीपासूनच हाताला थरथर सुटली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मी एका पतसंस्थेत अकाउंटला आहे, जूनमध्ये कामावर रुजू झाले तेव्हा माझी सही माझ्याच जुन्या सहीशी जुळेना, ‘र’ची शेपटी वाकडी जायची आणि शेवटची रेघ तुटक यायची, माझ्या स्वतःच्या चेकची सही बँकेने परत पाठवली. मॅनेजर साहेबांनी समजून घेतलं, मी बँकेत नवीन नमुना सही दिली, थोडी सोपी, सुटी अक्षरं असलेली. लेव्हल खाली आली तशी थरथर बरीच कमी झाली, आता फक्त दमल्यावर जाणवते. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला, गालावर लव आली, भूक इतकी की रात्री दोनला उठून भाकरी खायचे. ओळखीची माणसं "अरे वा, तब्येत सुधारली" म्हणायची तेव्हा फार वाईट वाटायचं. डोस २० वरून हळूहळू ५ एमजीवर आला तसा चेहरा सहा-सात महिन्यांत पूर्ववत झाला, हे माझ्यासारख्या रडत बसलेल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते. टॅक्रोने केस गळतात, ते माझे अजून पातळच आहेत. आणि शुगर! मला आधी कधीच नव्हती, मार्चमध्ये जेवणानंतरची २३० आली. स्टेरॉइड आणि टॅक्रो दोन्हीमुळे शुगर वाढते, सकाळची उपाशीपोटीची बरी दिसते आणि दुपार-संध्याकाळची चढलेली असते, म्हणून फक्त फास्टिंग करून निर्धास्त राहू नका, ग्लुकोमीटर घरी घ्या. मला गोळी सुरू करावी लागली, ती अजून अर्धी चालू आहे.

पैशांचं. ऑपरेशन, ॲडमिशन, आईचा खर्च धरून आठ लाखांच्या आत बसलं, नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून पाच मिळाले. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांची औषधं आणि तपासण्या बसत होत्या, पण प्रत्येक बिलासोबत त्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन लागतं, नुसतं बिल चालत नाही. आम्ही दर व्हिजिटच्या कागदाची झेरॉक्स काढून त्याला त्या आठवड्याची बिलं स्टेपल करत गेलो, तरी काही हजार रुपये "प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं नाव वेगळं" म्हणून कापले. आईच्या ऑपरेशनचा खर्च पॉलिसीत होता, आधीच्या तपासण्यांचा नव्हता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांट आहे, २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, पण हॉस्पिटल योजनेत ट्रान्सप्लांटसाठी आहे का ते आधी विचारा. माझ्यासोबत डायलिसिसला जिल्हा परिषदेचे एक गुरुजी होते, त्यांची वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून यायला फार वेळ लागला, तेवढा काळ पैसे स्वतःचे गुंतवून ठेवायची तयारी हवी. आणि सहसा कुठलंच पॅकेज पुढच्या जन्मभराच्या गोळ्यांचं नसतं. मला पहिले तीन-चार महिने औषधांना बावीस-तेवीस हजार लागत होते, त्यातला मोठा वाटा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा, ते थांबल्यावर पंधरा, आता डोस कमी झाल्यावर नऊ हजारांच्या आसपास. तपासण्या वेगळ्या.

मे महिन्यातली गोष्ट सविस्तर सांगते कारण त्यातूनच मला हे औषध कळलं. साताऱ्यात परत येऊन महिना झाला होता, उन्हाळा कडक, आणि मला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी वाटलं पाणी बाधलं असेल. दुसऱ्या दिवशीही थांबेनात. सगळे म्हणत होते की गोळ्या पोटात टिकतच नसतील, औषध कमी पडत असेल, आत्या तर म्हणाल्या "जास्तीची एक घे की." मी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला, त्यांनी आधी हेच सांगितलं की डोस स्वतःहून वाढवायचा नाही, रक्त द्या आणि इकडे या. लेव्हल आली १६.८! क्रिएटिनिन १.१ चं १.७ झालेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, मला वाटलं रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारली, आईची किडनी गेली, आईला काय तोंड दाखवू. नवरा गाडी चालवत होता, खंबाटकी घाटात दोघंही एक अक्षर बोललो नाही.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला, रिपोर्ट बघितले आणि शांतपणे सांगितलं की हे रिजेक्शन वाटत नाही. आतड्याच्या अस्तरात एक यंत्रणा असते जी टॅक्रोलिमसचा बराचसा भाग रक्तात जाण्याआधीच मोडते. जुलाबाने ते अस्तर बिघडलं की ती मोड कमी होते आणि एरवीपेक्षा जास्त औषध रक्तात शिरतं. म्हणजे मी नेहमीचीच गोळी घेत होते, पण शरीराला जवळजवळ दुप्पट पोचत होती. आणि टॅक्रोलिमस जास्त झालं तर ते किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यात अंगातलं पाणी गेलेलं, म्हणून क्रिएटिनिन वाढलं. औषध कमी पडलं तर शरीर किडनीवर हल्ला करतं तेव्हाही क्रिएटिनिनच वाढतं, औषध जास्त झालं तर औषधच किडनीला त्रास देतं तेव्हाही क्रिएटिनिनच वाढतं. दोन्हीचा उपाय अगदी उलटा. त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा एकटा बघून घरी काही ठरवायला जाऊ नका, सोबत लेव्हल हवीच. आत्यांचं ऐकून एक जास्तीची घेतली असती तर काय झालं असतं ते मी त्यांना नंतर समजावलं, त्यांनी डोक्याला हात लावला, तेव्हापासून घरात गोळ्यांबाबत फोन केल्याशिवाय कुणी सल्ला देत नाही.

सलाइन लागलं, शी तपासायला दिली, टॅक्रोचा डोस कमी केला. शीमध्ये जंतू निघाले नाहीत, मायकोफिनोलेटनेच जुलाब होत असावेत असं ठरलं, ते या औषधाचं नेहमीचं दुखणं आहे. मला त्याचा दुसरा प्रकार दिला, ज्याच्यावर आवरण असतं आणि जो पोटाऐवजी पुढे आतड्यात विरघळतो. दोन दिवसांनी क्रिएटिनिन १.३, पुढच्या आठवड्यात १.१. आईला हे सगळं बरी झाल्यावर सांगितलं.

बाकी कुठल्याही औषधाचा टॅक्रोशी संबंध येऊ शकतो हेही त्याच वर्षी नीट कळलं. जुलैत पावसात खोकला झाला, गल्लीतल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. मी दुकानातूनच प्रिस्क्रिप्शनचा फोटो कोऑर्डिनेटर मॅडमना पाठवला, पाच मिनिटांत फोन आला, "ही घेऊ नका, लेव्हल खूप वाढेल", आणि त्यांनी डॉक्टरांना विचारून ॲझिथ्रोमायसिन सांगितलं. बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल तशीच लेव्हल वाढवते. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन उलट लेव्हल पाडतं, फिट्सची काही औषधंही. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नाही, पॅरासिटामॉल चालते. दाताच्या डॉक्टरला, डोळ्यांच्या डॉक्टरला, सगळ्यांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की ट्रान्सप्लांट आहे, टॅक्रोलिमस चालू आहे. काढे, गुळवेल, अश्वगंधा हे प्रेमाने आणून देणारे पुष्कळ भेटतात. मी हात जोडून सांगते की ज्याने प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात तेच मला नको आहे, ती दाबण्यासाठी मी एवढे पैसे खर्च करते.

गणपतीत नणंद कुडाळहून आली ती माटवीसाठीची (गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीसाठीची) पपनसं घेऊन. मला पपनस जीव की प्राण. पण ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच गोतातलं पपनस, दोन्ही आतड्यातली तीच मोडणारी यंत्रणा बंद पाडतात आणि लेव्हल चढते, म्हणून ते कायमचं वर्ज्य. संत्रं, मोसंबी चालतं असं मला सांगितलंय. डाळिंबाचा रस आमच्या डॉक्टरांनी टाळायला सांगितलाय. उसाचा रस, पाणीपुरी, बाहेरची कच्ची कोशिंबीर, न उकळलेलं दूध हे इन्फेक्शनसाठी बंद, घरचं ताजं ताक-दही मी सहा महिन्यांनंतर सुरू केलं.

लेकीमुळे एक प्रश्न आला जो मला आधी सुचलाच नव्हता. मार्चमध्ये पोलिओचा रविवार आला. तोंडातून द्यायच्या पोलिओ डोसात जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो आणि तो मुलाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणजे मुलाचा डोस बुडवायचा असं नाही, पण त्या दिवसांत तिचं शी-शू धुणं दुसऱ्याने करायचं आणि हात साबणाने धुवायचे. मी पुण्यातच होते म्हणून निभावलं. घरात लहान मूल असेल तर हे विचारून घ्या. दुसरं बायकांसाठी, मायकोफिनोलेट चालू असताना गर्भ राहणं बाळासाठी धोक्याचं आहे, डॉक्टरांनी डिस्चार्जच्या आधी नवऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं, गर्भनिरोधक पाहिजेच, आणि पुढे मूल हवं असेल तर किमान एक वर्ष थांबून, हे औषध निदान दीड महिना आधी बदलून (बहुतेक ॲझाथायोप्रिन देतात) मगच. सासरी हा विषय काढणं अवघड जातं, मी नवऱ्यालाच आत्यांशी बोलायला लावलं.

गोळ्यांचं रोजचं म्हणाल तर टॅक्रो मी रिकाम्या पोटी घेते, खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी, आणि रोज तसंच. रात्रीचं जेवण सात वाजता, नऊला गोळी. संकष्टीचा उपवास पहिलं वर्ष डॉक्टरांनी शुगरमुळे सोडायला लावला, आता करते पण चंद्रोदयाची वाट न बघता सातला फराळ, आमच्या पूजेच्या गुरुजींनीही त्याला हरकत घेतली नाही. आठवड्याची कप्प्यांची डबी मिळते त्यात गोळ्या सुट्या काढून ठेवू नका, कॅप्सूल दमट हवेत खराब होतात, मी कात्रीने पाकिटासकट एकेक कापून ठेवते. उन्हाळ्यात बंद गाडीत औषधाची पिशवी ठेवायची नाही. मोबाइलवर दोन अलार्म, एक माझ्या आणि एक नवऱ्याच्या. उलटी झाली तर किती वेळात झाली त्यावर पुन्हा घ्यायची की नाही ठरतं, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या, रात्री दहाला फोन उचलला जाईलच असं नाही.

आणि कंपनी बदलायची नाही. ऑगस्टमध्ये साताऱ्यातल्या दुकानात माझ्या कंपनीची अर्ध्या एमजीची कॅप्सूल संपलेली, दुकानदार म्हणाले, दुसऱ्या कंपनीची घ्या, औषध तेच आहे. औषध तेच असलं तरी रक्तात किती उतरतं त्यात थोडा फरक पडू शकतो, आणि इथे थोड्या फरकालाच महत्त्व आहे. डॉक्टरांच्या सांगण्याने बदलली तर हरकत नाही पण मग आठवड्याभरात लेव्हल करायची. आणि दिवसातून एकदा घ्यायची जी टॅक्रोलिमस येते ती वेगळी, दोनदावालीच्या जागी ती चालत नाही, पाकीट वाचून घ्या. मी पुण्याहून दोन स्ट्रिप पार्सलने मागवल्या. तेव्हापासून घरात महिन्याचा साठा जास्तीचा असतो आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की ऑर्डर जाते.

आता ऑक्टोबर २०२५. टॅक्रो सकाळी दीड, रात्री एक, प्रेडनिसोलोन ५, मायको दोन वेळा, बीपीची एक, शुगरची अर्धी. क्रिएटिनिन १.१, लेव्हल दर तीन महिन्यांनी, मागची ६.२. आईची वर्षातून एकदा तपासणी होते, ती छान आहे, शेतावर जाते, मी ओरडते तरी जाते. उन्हात जाताना मी स्कार्फ आणि सनस्क्रीन लावते कारण या औषधांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, गर्दीत मास्क लावते, दरवर्षी फ्लूची लस घेते. पुढची लेव्हल डिसेंबरात आहे.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका ताईंचा फोन आला, त्यांच्या भावाला ट्रान्सप्लांटची तारीख मिळाली आहे, आता काय करू म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आधी गावातला एक केमिस्ट पक्का करा जो अर्ध्या एमजीची आणि पाव एमजीची कॅप्सूल मागवून ठेवेल, डोस बदलत राहतो तेव्हा लहान ताकदीच्याच लागतात आणि त्याच मिळत नाहीत. मग जवळच्या लॅबला जाऊन विचारा की टॅक्रो लेव्हलचं रक्त सकाळी नक्की किती वाजता घ्याल, सॅम्पल कुठे पाठवता आणि रिपोर्ट कधी येतो. त्या वेळेवरून भावाच्या गोळीची वेळ ठरवून डॉक्टरांना डिस्चार्जआधीच विचारा, लॅब आठला उघडत असेल तर आठ-आठच बरं पडेल.